भावकीचा पाळणा

नखापेक्षाही लहान, वरून लाल. ओली असल्यामुळे ती बाळूच्या खालच्या ओठाला अशी चिकटली होती, की अंजलीला आधी वाटलं कुंकूच – आत्याबाईंनी शेतात जाताना वाकून पापा घेतला असेल, त्यांच्या कपाळाचं त्याच्या तोंडाला लागलं असेल... मग ती ते बोटानं पुसायला गेली, तर ते न फिसकटता अख्खंच निघून बोटावर आलं. रंगाची खपली. तिनं ती दाराच्या उजेडात धरली. लालखाली निळा, निळ्याखाली हिरवा, मग पिवळा, आणि अगदी तळाशी, लाकडाला लागून असणार तो, मातकट कसला तरी.

बाळू पाळण्याच्या कठड्याला धरून उभा होता आणि हसत होता. त्याला हसायला कारण लागत नाही, आईचं तोंड दिसलं की पुरे. खालचे दोन दात नुकतेच वर आलेले. आणि त्याच्यापुढे, कठड्याच्या वरच्या दांडीवर, रंग उडून लाकूड उघडं पडलेलं होतं. कडांना बारीक बारीक चावे. माझ्या बोटावर एक खपली आहे, तिच्या मनात आलं, पण ही जागा तर एका खपलीची नाही. बाकीच्या कुठे गेल्या?

तिनं त्याच्या तोंडात बोट घातलं. गालफडं, टाळू, जिभेखाली... सगळीकडे चाचपून पाहिलं. त्यानं ते बोट करकचून चावलं आणि स्वतःच्या पराक्रमावर खूश होऊन आणखी हसला. काही सापडलं नाही. न सापडणं हे बरं की वाईट, तेही तिला कळेना.

पाळणा भावकीचा. कोणाच्या आज्यानं की पणज्यानं घडवून घेतला ते कोणी छातीठोकपणे सांगत नाही, पण सागाचा आहे, साखळ्यांनी कडीला टांगायचा, आणि दिंद्रुडातल्या या भावकीतलं प्रत्येक पोर त्याच्यातच नाव ठेवून घेऊन मोठं झालेलं आहे. ज्या घरात तान्हं, त्या घरात पाळणा. रीत अशी, की तो पुढच्या घरी द्यायची वेळ आली म्हणजे तसाच द्यायचा नाही. आपल्या हातानं रंगाचा एक हात देऊन मगच उंबऱ्याबाहेर काढायचा. आपल्या पोराचं दुखणंखुपणं त्या रंगाखाली राहतं, पुढच्या पोराला लागत नाही – असं आत्याबाई सांगतात, म्हणजे तिच्या सासूबाई, सिंधुबाई. रंग कुठला, तर घरात असेल तो. आणि शेतकऱ्याच्या घरात असतो तो पोळ्याचा, बैलांच्या शिंगांना लावून उरलेलं वार्निश – गावात ऑइलपेंटला असंच म्हणतात. शिंगांचा रंग पोराच्या पाळण्याला, याचं कोणाला कधी नवल वाटलं नाही. अंजलीलाही वाटलं नव्हतं. बारशाच्या दिवशी तिला तो लालभडक पाळणा इतका आवडला होता, की तिनं त्याचे फोटो काढून माहेरच्या सगळ्यांना पाठवले होते.

आता तो सटवाकाकांच्या घरी जायचा होता. सटवाकाका म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ, गल्लीच्या त्या टोकाला घर. त्यांची सून तेजश्री माहेराहून बाळ घेऊन आली होती आणि बारसं परवावर आलं होतं. बाळू उभा राहायला लागला, आता तो पाळण्यात राहणार नाही, पडेल एखाद दिवशी, तेव्हा देऊन टाकू, असं ठरलं होतं. म्हणून सकाळी, सासऱ्यांबरोबर मूग तोडायला निघण्याआधी, आत्याबाईंनी माळ्यावरून डबा काढून ठेवला होता. शेजारी रॉकेलमध्ये बुडवलेला ब्रश आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा.

"जरा घासून घे आधी, म्हंजी रंग चांगला धरतो," त्या म्हणाल्या होत्या. "मग एक हात दे. बाळूला जवळच बसीव, त्याला बी कळू दे पाळणा चालला म्हणून."

त्याला बी कळू दे... हे त्या किती मायेनं म्हणाल्या होत्या. आणि खपली दिसली नसती, तर मी तसंच केलं असतं. बाळूला पुढ्यात बसवून घासलं असतं, कोरडं, खरखर, खरखर, आणि तो उडणारी धूळ पकडायला हात पुढे करत राहिला असता. तिनं त्याला उचललं आणि पॉलिश पेपरचा तुकडा, का कोण जाणे, पायानंच लांब सरकवला.

डबा तिनं हातात घेऊन फिरवला. वरून ओघळलेल्या रंगाखाली सगळी अक्षरं गेलेली, एका कोपऱ्यात तेवढं वाचता येत होतं – मुलांच्या हाती लागू देऊ नये. डबे वाचायची ही खोड तिला माहेरची. गेवराईत तिच्या वडिलांचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. बद्रीनाथ म्हटलं की बाजारपेठेत कोणीही बोट दाखवील. ती त्यांना आप्पा म्हणते. शाळा सुटली की ती दुकानातच, पोत्यावर बसून गृहपाठ, आणि गृहपाठ संपला की डबे वाचायचे. कुठला लोखंडाला, कुठला लाकडाला, कुठला पाण्यात मिसळायचा, कुठला थिनरमध्ये. आप्पा स्क्रूड्रायव्हरनं झाकण उचकटायचे, काठीनं ढवळायचे, रंगाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन गिऱ्हाइकाला दाखवायचे – बघा, हाच ना? दुपारी त्याच हातांवर थिनर ओतून, फडक्याला पुसून, डबा उघडून जेवायला बसायचे. त्यांनी मोडून दिलेल्या भाकरीला तो वास असायचा. तिला तो आवडायचा. रात्री ते घरी आले की ती त्यांच्या शर्टात नाक खुपसायची. तो वास म्हणजेच आप्पा, तो नसता तर तिला ते परके वाटले असते. त्यांचं डोकं दुखायचं, रोजच, ते ओला पंचा बांधून पडायचे आणि म्हणायचे, ऊन लई हाय आज. हिवाळ्यातसुद्धा.

आणि कोणी बाई विचारायची, वास फार येतो हो, पोरं लहान आहेत घरात, काही होणार नाही ना... तर आप्पांचं उत्तर तयार असायचं. काही होत नाही. तीन शब्द, सुटे पैसे परत केल्यासारखे हातावर ठेवायचे. गिऱ्हाईक निश्चिंत होऊन जायचं.

मग ती कॉलेजात असताना नवे डबे यायला लागले. त्यांच्यावर लिहिलेलं असायचं, यात शिसं घातलेलं नाही. तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, आप्पा, मग ज्याच्यावर हे लिहिलेलं नाही, त्याच्यात असतं का? दुकानात दोन माणसं उभी होती. आप्पा हसले आणि म्हणाले, गिऱ्हाइकासमोर डबे वाचायचे नसतात. तीही हसली होती. हसण्यावारी नेली ती गोष्ट आम्ही दोघांनी, आणि नंतर माझं लग्न झालं.

तिनं बाळूला कडेवर घेऊनच फोन लावला.

"आप्पा, जुन्या वार्निशात शिसं असतं का?"

"कावून गं?"

"बाळूनं पाळण्याचा रंग खाल्लाय. किती दिवसांपासून चावतोय, कोणास ठाऊक."

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. ती वाट पाहत होती त्या तीन शब्दांची. खरं म्हणजे ते ऐकायलाच तिनं फोन केला होता, ते तिला आत्ता कळलं. त्यांनी म्हणावं, आणि तिनं चिडावं, तुमचं नेहमीचंच म्हणून भांडावं, पण आतून हायसं वाटून फोन ठेवावा. ते शब्द आले नाहीत. तेव्हा ती खरी घाबरली.

"घासलास का पाळणा?" आप्पांनी विचारलं.

"अजून नाही."

"घासू नको. कोरडा तर मुळीच न्हाई. बारीक धूळ उडती, दिसत बी न्हाई, ती नाकातोंडात जाती – पोराच्या बी, तुझ्या बी. आधी त्याला तिथनं काढ. खालची जागा ओल्या फडक्यानं पूस, झाडू नको, ते फडकं टाकून दे. त्याचे हात धू, खेळणी धू. नखं काढ."

"आणि वरून नवा रंग दिला तर? चांगला, बिनशिशाचा, पाण्यातला?"

"भिंत असती तर म्हणलो असतो दे. पोर जे चावतं त्याला वरून देऊन काय व्हतं? खालचा कुठं जातोय." ते थांबले. "त्याचं रगत तपासून घे. अंबाजोगाईला दाखव, डॉक्टर सांगतील काय ते. लई भिऊ नको. पर दाखव."

"हो."

"आमीच इकले ते डबे, अंजे," ते एकदम म्हणाले. "साऱ्या तालुक्याला इकले. कोण वाचत व्हतं तवा?"

तुम्ही वाचत नव्हता, मी वाचत होते, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण त्यांचा आवाज इतका म्हातारा झालेला तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं विचारलं, डोकं दुखतंय का आज. ते म्हणाले, थोडं. मग दोघंही जेवलात का, झोपलात का असलं बोलत राहिले आणि फोन ठेवून दिला.

नंतर दुपारभर ती काम करत राहिली, आणि काम होतं म्हणून बरं होतं. तिनं पाळणा साखळ्यांसकट कडीवरून उतरवला, परसात भिंतीला लावून ठेवला आणि त्याच्यावर मेणकापड घातलं. तोंडाला ओढणी बांधून जमीन ओल्या फडक्यानं पुसली, दोनदा पुसली, आणि ते फडकं पिशवीत गाठ मारून ठेवलं. खुळखुळा, रबरी मोर, लाकडी चमचा, सगळं धुतलं. रंगाचा डबा आणि तो रॉकेलमधला ब्रश बाहेर उंचावर नेऊन ठेवला, कारण आता ती बघायला लागली तेव्हा तिला दिसलं, की तो इतके दिवस ज्वारीच्या कणगीशेजारच्या माळ्यावर होता, झाकण अर्धवट लागलेलं, आणि घरात येणारा तो मंद वास आपल्याला कधी खटकला नाही. मला कसा खटकणार! मला तर तो माहेरचा वाटत असे.

मधे रामचा फोन येऊन गेला. राम तिचा नवरा, माजलगावला खताच्या दुकानात कामाला असतो, आठवड्यानं येतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रविवारी नेऊ की अंबाजोगाईला. पण आईला नीट सांग. पाळण्याचं एकदम काढू नको." एकदम नाही तर कसं काढायचं, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

त्याच कडीला तिनं आपल्या जुन्या सुती साडीची झोळी बांधली. बाळूला तिच्यात घातला, तर तो आधी बावरून इकडेतिकडे बघायला लागला. चावायला कठडा नाही, धरायला दांडी नाही, चहूबाजूंनी नुसती आईची साडी. मग त्यानं साडीचा काठच तोंडात घातला आणि चोखत चोखत झोपून गेला. तिनं त्याची नखं काढली, एकेक बोट धरून. झोपेतही तो तिचं बोट मुठीत पकडत होता आणि तिला ते हळूच सोडवून घ्यावं लागत होतं. तुझ्या रक्तात काय आहे रे, ती मनाशी म्हणाली. इतकंसं तर रक्त तुझं. डॉक्टर सुई टोचतील तेव्हा तू माझ्याकडेच बघशील, मीच तुला धरून ठेवलेलं असेल...

आत्याबाईंना काय सांगायचं? गावभर होईल – गेवराईची सून, दुकानदाराची पोर, हिला भावकीचा पाळणा विषारी वाटतो. तेजश्रीच्या सासूला वाटेल, यांच्या नातवाचं झालं, आता आमच्या वेळी बरं आठवलं. आणि या सगळ्याच्या पलीकडे तो पिवळा. पाळण्याच्या एका खांबावर, आतल्या बाजूला, जिथे ब्रश नीट पोचत नाही तिथे, वरचे थर पूर्वीच गळून तो पिवळा रंग उघडा पडलेला आहे. बाळूला तेल लावताना एकदा आत्याबाईंनी त्याच्यावरून अंगठा फिरवला होता आणि म्हणाल्या होत्या, ह्यो माझ्या वनीचा. वनी म्हणजे वनमाला, त्यांची पहिली मुलगी, रामच्या आधीची. वर्षाचीही झाली नव्हती. ताप आला, अंगात झटके आले आणि गेली; दातांवर गेली, दात येण्याच्या दुखण्यात, असं सगळे म्हणाले, तेव्हा तसंच म्हणायचे. तिच्यामागे पाळणा दुसऱ्या घरी द्यायचा होता, तर रीतीप्रमाणे हा पिवळा हात द्यायला आत्याबाई स्वतः बसल्या होत्या. अंजलीला एवढं सांगून त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण येताजाता त्यांचा हात त्या खांबाला लागतो, हे अंजलीनं पाहिलेलं आहे. आता तो पाळणाच मोडीत काढा म्हणायचं... कोणत्या तोंडानं म्हणायचं?

उन्हं कलली तेव्हा आत्याबाई आल्या. सासरे वाटेतच पारावर टेकले होते. आत्याबाईंनी मुगाच्या शेंगांचं गाठोडं ओसरीवर टाकलं, हातपाय धुतले, आणि पदराला हात पुसत आधी झोळीकडे बघितलं, मग परसात गेल्या. रंग वाळतोय असं त्यांना वाटलं असणार. मेणकापड उचलल्याचा आवाज आला.

"आगं, रंग कुठाय?"

दिवसभर जुळवलेलं सगळं अंजली विसरली. "आत्याबाई, बाळूनं पाळण्याचा रंग खाल्लाय," ती म्हणाली.

आत्याबाई लगबगीनं आत आल्या आणि काही न बोलता त्यांनी झोळीतून बाळूला उचललं, त्याचं तोंड उघडून पाहिलं, कपाळाला हात लावला, पोट दाबून पाहिलं. तो चेकाळून त्यांच्या नथीकडे हात न्यायला लागला तेव्हा कुठे त्या खाली टेकल्या.

"चांगला तर हाय," त्या म्हणाल्या. "खाल्ला तर खाल्ला. पोरं माती बी खात्यात. जाईल पोटातनं."

"हे मातीसारखं नाही. जुन्या रंगात शिसं असतं, ते अंगात राहतं. लहान लेकराच्या मेंदूला बाधतं."

"कोण म्हणलं?"

"आप्पा."

ज्यानं जन्मभर रंग विकला तोच म्हणतोय, हे त्यांनी मनातल्या मनात तोलून पाहिलं असावं. मांडीवर बाळू, पुढ्यात शेंगा; त्यांनी एक शेंग उचलून सवयीनं सोलायला घेतली.

"मग सटवाभाऊच्या घरी काय सांगू? परवा बारसं हाय. आमच्या नातवाचं झालं, तुमाला न्हाई देत, असं म्हणू?" त्यांचा आवाज चढत गेला. "आन् लोक काय म्हणत्याल? आगं, भावकीतलं एकूण एक पोर ह्याच पाळण्यात वाढलं. ह्याच पाळण्यात. समद्यांनी चावला, समद्यांनी चाटला. कुनाला कदी काय झा..."

त्या थांबल्या.

शेंग अर्धी सोललेली तशीच बोटात राहिली. बाळूनं ती ओढली, त्यांनी ओढू दिली, मग भानावर येऊन त्याच्या हातातून काढून घेतली आणि लांब ठेवली. अंजलीला त्यांच्याकडे बघवेना. दिवसभर तिला एवढंच हवं होतं, की आपलं कोणीतरी खरं मानावं. आता त्यांनी ते मानलं होतं, आणि तिला वाटत होतं, त्यांनी मला शिव्या द्याव्यात, शहाणी समजते स्वतःला म्हणावं, तो डबा माझ्यापुढे आदळावा, काहीही करावं, पण ते वाक्य पुरं करावं.

"तिला बी दातच येत व्हते गं," आत्याबाई म्हणाल्या.

अंजली जवळ सरकली.

"चावायची. लई चावायची. मीच म्हणायचे, चावू दे, हिरड्या शिवशिवत्यात लेकराच्या." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "त्यानंच गेली का गं माझी वनी?"

नाही म्हणावं. तोंडातून सहज निघालं असतं. पण एवढ्या वर्षांनी या बाईनं पहिल्यांदाच हे कोणाला विचारलं होतं, आणि तिच्या मांडीवर बाळू होता.

"मला माहीत नाही, आत्याबाई. ते आता कोणालाच सांगता येणार नाही. ताप होता, झटके होते... दुसरंही काही असेल. खरंच माहीत नाही मला."

आत्याबाईंनी मान हलवली, बाजारात भाव पटला नाही तरी ऐकून घ्यावा तशी. रडल्या नाहीत. बाळूला त्यांनी छातीशी धरलं होतं आणि त्याच्या पाठीवरून त्यांचा हात वरखाली होत होता, सारखा, न थांबता. अंजलीनं त्यांच्या दंडाला हात लावला आणि तो तसाच राहू दिला. इतकी वर्षं या हाताला धरायला, पाळणा कोणाच्या का घरी असेना, तो एक खांब होता, तिच्या मनात आलं, आणि तो मी आज परसात नेऊन ठेवला.

"कवा न्यायचं ह्याला अंबाजोगाईला?"

"रविवारी. ते आले की."

"रविवार कावून? उद्या जाऊ. पहिल्या गाडीनं. मी येते." मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "तेजश्रीकडं कोण जाणार सांगायला?"

मी जाते, असं म्हणायला अंजलीनं तोंड उघडलं आणि तिला सगळी गल्लीच दिसली. दुपारी ती लोकांच्या बोलण्याला भीत होती. नावं ठेवतील, हसतील, मोठी आली शिकलेली म्हणतील. आता तिला ते काहीच वाटत नव्हतं, म्हणू देत. तिला दिसत होत्या त्या त्या घरांतल्या म्हाताऱ्या, तेजश्रीची सासू, तिची जाऊ, पलीकडच्या काकू. त्या तावातावानं बोलायला लागतील – आमची पोरं नाही का वाढली, कोणाला कधी काय झालं... आणि त्यांच्यातली एखादी मधेच थांबेल. कोणती, ते आज कोणालाच माहीत नाही, तिचं तिलाही नाही. तिला थांबवणारी मी असेन. आणि तरीही तेजश्रीचं ते बाळ, अजून नावसुद्धा न ठेवलेलं, दात नसलेलं... अंजली आत्याबाईंच्या दंडावर हात ठेवून बसून राहिली. सकाळपासून तिच्या पोटात होती ती भीती एका लेकराची होती, आणि आता ती कितींची आहे हे तिला मोजता येईना. उठायचं तर होतं. दिवे लागायच्या आत जाऊन यायला हवं होतं. पण त्या घरच्या उंबऱ्यात उभं राहून पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, जे ऐकून कुठल्याच आईला मागे वळून बघावं लागणार नाही, ते तिला काही केल्या सापडत नव्हतं.